बाळाचा विचार आहे, तर गर्भनिरोधक कधी थांबवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाचा विचार पक्का झाला की पहिला प्रश्न येतो, "गोळ्या कधी बंद करू?" मैत्रीण एक सांगते, नणंद दुसरं, केमिस्ट तिसरंच. खरं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं: तुम्ही कुठलं साधन वापरताय, आणि दिवस राहण्याआधी तुमच्या बाबतीत काय काय उरकायचं आहे. खालची माहिती त्याच क्रमाने वाचा. तुमच्या डॉक्टरांनी तुमची तब्येत बघून वेगळं काही सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

आमचं ठरलंय. मग गोळ्या आजच थांबवू का?

नको. आधी तयारी करा, मग गोळ्या थांबवा. बहुतेक जणी उलट करतात. गोळ्या सोडतात, दोन महिन्यांनी पाळी चुकते आणि मग फॉलिक ॲसिड, थायरॉइडची तपासणी, रुबेलाची लस आठवते. रुबेलाची लस तर गरोदरपणात देताच येत नाही.

म्हणून चान्स घ्यायचा महिना आधी ठरवा आणि त्याच्या तीन महिने आधीपासून तयारीला लागा. साधन तोवर चालूच ठेवा. याला अपवाद एकच, तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन. त्याचा हिशोब वेगळा आहे, पुढे सविस्तर दिला आहे.

औषधाचा अंश अंगातून जायला तीन महिने लागतात, तोवर थांबायचं असतं ना?

ही समजूत घरोघरी आहे, पण गोळ्यांच्या बाबतीत ती खरी नाही. माला-एन, माला-डी किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेली तशीच दुसरी गोळी घ्या, त्यातले हार्मोन्स काही दिवसांत शरीराबाहेर जातात. म्हणून तर एकदोन गोळ्या विसरल्या की दिवस राहण्याची भीती असते. गोळ्या सोडल्यावर पहिल्याच महिन्यात दिवस राहिले, तरी त्यामुळे बाळात व्यंग येत नाही की गर्भपाताचा धोका वाढत नाही.

'एक पाळी येऊ द्या, मग प्रयत्न करा' हा सल्ला तारीख मोजण्याच्या सोयीसाठी दिला जातो. नैसर्गिक पाळी आली की दिवसांचा हिशोब सोपा जातो, एवढंच. ती न येताच दिवस राहिले तरी पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाची लांबी मोजून तारीख काढता येते.

'शरीर शुद्ध होऊ दे' म्हणून गोळ्या सोडायच्या आणि तेवढ्या काळात दुसरं काहीच वापरायचं नाही, यात मात्र धोका आहे. तयारी झालेली नसताना दिवस राहतात. गोळ्या आधी सोडायच्याच असतील, तर ठरलेल्या महिन्यापर्यंत निरोध वापरा.

गोळी पाच-सहा वर्षं घेतली. पुढे त्रास होईल का?

गोळीमुळे होणार नाही. किती वर्षं घेतली याचा मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होत नाही. त्या पाच वर्षांत वय मात्र पाच वर्षांनी वाढलं आहे, आणि त्याचा परिणाम होतो. दोन्ही गोष्टींची सरमिसळ करून लोक गोळीला दोष देतात. असुरक्षित संबंधांनंतर कधीतरी घेतलेल्या तातडीच्या गोळीचाही पुढे कायमचा परिणाम राहत नाही.

कुठलं साधन थांबवल्यावर किती दिवसांत दिवस राहू शकतात?

निरोध सोडला की लगेच. त्यात शरीराला सावरायचं काहीच नसतं.

गोळ्या बंद केल्यावर बहुतेकींना दोन ते चार आठवड्यांत स्त्रीबीज सुटायला लागतं आणि चार ते सहा आठवड्यांत स्वतःची पाळी येते. काहींना तीन महिनेही लागतात.

'छाया' (बाजारात 'सहेली') ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, हार्मोन नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची. ती बंद केल्यावरही चक्र सहसा लवकर पूर्ववत होतं. ती चालू असताना पाळी लांबू शकते, म्हणून शेवटच्या गोळीनंतर पाळी आली नाही तर आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करा. 'छायामुळेच लांबली असेल' असं गृहीत धरू नका.

तांबी काढल्यावर त्याच महिन्यात दिवस राहू शकतात. हार्मोनच्या तांबीतही, म्हणजे मिरेनामध्ये, जवळपास तसंच. पाळी बंद झालेली असेल तर ती परत यायला एखाद-दोन महिने जातात. दंडात बसवलेली हार्मोनची कांडी (इम्प्लांट) काढल्यावरही काही आठवड्यांत बीज सुटू लागतं.

'अंतरा' घेतेय. शेवटचं इंजेक्शन कधी घ्यावं?

या एका साधनात तारीख चुकली की वर्ष हातातून जातं, म्हणून हे नीट वाचा.

अंतराच्या एका डोसात १५० मिलिग्रॅम औषध असतं. दंडात किंवा कमरेत दिल्यावर ते स्नायूमध्ये साठून राहतं आणि हळूहळू रक्तात उतरतं. डोस तीन महिन्यांसाठी असतो, पण औषध पूर्ण ओसरायला त्याहून बराच वेळ लागतो. शेवटच्या इंजेक्शनपासून मोजलं, तर दिवस राहायला सरासरी ७ ते १० महिने लागतात. काही जणींना वर्षाच्या वर लागतं. इंजेक्शनं दोन घेतली काय किंवा दहा घेतली काय, हा उशीर तेवढाच. त्याने वंध्यत्व येत नाही, आणि औषध लवकर उतरवायचा उपायही नाही. पाळी आणायच्या गोळ्या घेऊन अंगावरून जातं, पण त्यामुळे बीज सुटतंच असं नाही.

आता हिशोब. एखाद्या दिवाळीच्या सुमारास दिवस राहावेत असं वाटत असेल, तर शेवटचं इंजेक्शन त्याच वर्षाच्या सुरुवातीला, जानेवारीच्या आसपास घ्या. एप्रिलमध्ये पुढचं घेऊ नका. त्या दिवसापासून निरोध किंवा रोजच्या गोळ्या सुरू करा आणि तयारी पूर्ण झाली की त्याही थांबवा.

निरोध किंवा गोळ्या कशाला, असं विचारलं जातं. ७ ते १० महिने ही सरासरी आहे, हमी नाही. एखादीचं बीज इंजेक्शनची मुदत संपल्यावर काही आठवड्यांतच सुटतं. पाळी आलेली नसतानाही दिवस राहू शकतात, कारण बीज आधी सुटतं आणि पाळी दोन आठवड्यांनी येते.

मूल वर्षभरात हवं असेल आणि आज नवीन साधन निवडायचं असेल, तर अंतरा निवडू नका. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर नक्कीच नको.

गोळ्यांचं पाकीट अर्धवट सोडलं तर चालतं का?

चालतं, पण पाकीट संपवून थांबणं सोयीचं. माला-एनच्या पाकिटात २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या गोळ्या असतात. हार्मोनच्या २१ संपल्या की लोहाच्या दिवसांत अंगावरून जातं, आणि तिथे नवीन पाकीट न उघडणं हा सगळ्यात सुटसुटीत मार्ग. मध्येच सोडलं तर दोन-चार दिवसांत रक्तस्राव सुरू होतो आणि 'ही पाळी धरायची की नाही' असा गोंधळ होतो.

गोळ्यांवर असताना दर महिन्याला येणारा रक्तस्राव हा हार्मोन थांबल्यामुळे येतो. ती स्वतःची पाळी नव्हे. म्हणून मोबाइलच्या ॲपमध्ये गोळ्यांच्या काळातल्या तारखा भरलेल्या असतील, तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते ॲप दाखवेल त्या दिवसांवर विसंबू नका. त्याच्याकडे तुमच्या चक्राची माहितीच नसते.

तांबी कधी आणि कशी काढतात? दुखतं का?

कुठल्याही दिवशी काढता येते. पाळीच्या दिवसांत गर्भाशयाचं तोंड जरा सैल असतं, त्यामुळे थोडं सोपं जातं. भूल लागत नाही, दवाखान्याच्या ओपीडीतच होतं. डॉक्टर स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा ठेवणारं साधन) लावतात, तोंडाशी दिसणारा धागा चिमट्यात धरतात आणि सावकाश, एका सरळ ओढीत तांबी बाहेर काढतात. पोटात एक कळ येते, दिवसभर थोडं अंगावरून जातं, बस्स. बाहेर आल्यावर तांबीचे दोन्ही हात शाबूत आहेत ना, हे डॉक्टर तपासतात. तुम्हीही दाखवायला सांगा. स्वतः धागा ओढू नका.

धागाच दिसला नाही तर घाबरायचं कारण नाही. तो बहुधा आत वर गुंडाळलेला असतो. आधी प्रेग्नन्सी टेस्ट आणि सोनोग्राफी करतात. तांबी गर्भाशयातच असेल तर बारीक चिमट्याने, नाहीच निघाली तर दुर्बिणीतून काढतात. सोनोग्राफीतही सापडली नाही तर पोटाचा एक्स-रे काढावा लागतो, कारण ती नकळत पडलेली असू शकते किंवा क्वचित गर्भाशयाबाहेर सरकलेली असते.

पुण्यात ससून, मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम इथल्या स्त्रीरोग विभागात हे होतं. जाताना तांबी बसवल्याचं कार्ड न्या. ३८०ए प्रकारची तांबी १० वर्षं चालते, ३७५ प्रकारची ५ वर्षं. आज काढायची पण मूल चार महिन्यांनी हवं, असं असेल तर तांबी काढण्याआधीचे सात दिवस संबंध टाळा किंवा निरोध वापरा. आधीच्या संबंधांतले शुक्राणू आत जिवंत असतात, आणि तांबी निघाली की त्यांना अडवणारं काही उरत नाही.

गोळ्या बंद केल्या आणि पाळीच येईना. गोळ्यांनीच बिघडलं ना?

बहुतेक वेळा नाही. मुळात पाळी कशासाठी अनियमित होती ते आठवा. पीसीओडी (बीज नियमित न सुटल्याने पाळी लांबण्याचा त्रास) म्हणून कॉलेजच्या वयात गोळ्या सुरू झाल्या, सात-आठ वर्षं महिन्याच्या महिन्याला अंगावरून गेलं, आणि गोळ्या थांबताच जुनं चक्र परत आलं. गोळीने पीसीओडी बरा केला नव्हता, झाकला होता. नुकतंच वजन खूप उतरलं असेल, ताण वाढला असेल किंवा थायरॉइड बिघडलं असेल, तर तेही गोळीच्या आड लपलेलं असतं.

तीन महिन्यांत पाळी आली नाही तर प्रेग्नन्सी टेस्ट, मग टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हार्मोन), आणि सोनोग्राफी. पीसीओडी निघाला तर वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरवल्यावर अनेकींचं बीज आपोआप सुटू लागतं. नाही सुटलं तर लेट्रोझोलसारखी गोळी पाच दिवस देऊन सोनोग्राफीने बीज वाढताना बघतात. आधीपासून पाळी दीड-दोन महिन्यांनी येणाऱ्या बाईने वर्षभर वाट बघत बसू नये.

एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार, अंडाशयातली चॉकलेट सिस्ट हा त्यातलाच प्रकार) दुखण्यासाठी गोळ्या किंवा मिरेना असेल, तर बाकी सगळी तयारी झाल्यावर, अगदी शेवटी थांबवा. थांबवलं की दुखणं परत डोकं वर काढतं, आणि तो काळ प्रयत्नांच्या कामी यावा.

साधन चालू असतानाच काय काय उरकून घ्यायचं?

फॉलिक ॲसिड सगळ्यात आधी. रोज ४०० मायक्रोग्रॅम, प्रयत्न सुरू करण्याच्या किमान एक महिना आधीपासून, शक्यतो तीन महिने. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेपासून २८ दिवसांत बंद होते. तेव्हा आईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर गोळी सुरू करण्यात म्हणूनच उशीर होतो. केमिस्टकडे सहज मिळते ती ५ मिलिग्रॅमची गोळी. तो डोस आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असलेल्या, मधुमेह असलेल्या किंवा फिटची औषधं घेणाऱ्या आईसाठी आहे. बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारून कमी डोसची घ्यावी.

सोबत बी-१२ तपासा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास केला. त्यात बी-१२ कमी असणं फार मोठ्या प्रमाणात आढळलं. फॉलेट भरपूर आणि बी-१२ कमी अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. शाकाहारी घरात नुसतं फॉलिक घेऊन भागत नाही. दूध-दही रोज असू द्या, आणि पातळी कमी असेल तर डॉक्टर गोळी किंवा इंजेक्शन देतील.

मग रुबेला. देशाच्या लसीकरणात गोवर-रुबेलाची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे आज पंचविशी-तिशीत असलेल्या बऱ्याच जणींना ती लहानपणी मिळालेली नाही. रुबेला आयजीजी (प्रतिकारशक्ती आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. प्रतिकारशक्ती नसेल तर लस घ्या आणि पुढचा महिनाभर दिवस राहू देऊ नका. कांजिण्या झालेल्या नसतील तर त्या लसीलाही हाच नियम. तिचे दोन डोस चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने असतात, तोही वेळ धरा.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन (१२च्या खाली असेल तर आधी भरून काढा), रक्तगट आणि आरएच, टीएसएच, साखर, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी. मधुमेह असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) साडेसहाच्या खाली आणून मग साधन सोडा. १०च्या वर असताना दिवस राहू देऊच नका.

थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी एचबीए२ची रक्ततपासणी दोघांपैकी एकाची तरी कराच. सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजात वाहक (स्वतःला आजार नसून तो मुलांना देऊ शकणारे) जास्त आहेत, आणि पिंपरी कॅम्पात सिंधी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. आदिवासी भागातल्या कुटुंबांनी सिकलसेल तपासावं. वाहक व्यक्ती ठणठणीत असते, फार तर थोडा अशक्तपणा असतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. हे आधी कळलं तर काय करायचं ते शांतपणे ठरवता येतं.

कुठली औषधं बदलून होईपर्यंत साधन सोडू नये?

फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट, मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनोइन (बंद केल्यावर निदान एक महिना), संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारं वॉरफेरिन, रक्तदाबाच्या रॅमिप्रिल-एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन गटातल्या गोळ्या. यातलं एकही औषध मनाने बंद करू नका. फिटची गोळी अचानक सोडणं आईच्या जिवावर बेतू शकतं. ज्या डॉक्टरांनी लिहून दिलं त्यांना 'मूल हवंय' एवढं सांगा, ते पर्याय देतील. बदललेलं औषध लागू पडतंय हे दिसायलाही वेळ लागतो, तोवर साधन चालू.

नवऱ्याने काही करायचं असतं का?

हो, आणि त्याचंही वेळापत्रक तीन महिन्यांचंच आहे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. आज गुटखा सोडला तर त्याचा फायदा अडीच-तीन महिन्यांनी दिसतो. तंबाखू, सिगारेट, जास्त दारू, सततची उष्णता या नेहमीच्या गोष्टी आहेतच. जिममध्ये घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं त्याहून वाईट. त्यांनी शुक्राणूंची संख्या शून्यावर येऊ शकते आणि परत यायला सहा महिने ते वर्षही लागतं. 'ताकदीसाठी' म्हणून दिलेलं असलं तरी डॉक्टरांना सांगा.

हिंजवडीच्या रात्रपाळ्यांत दोघांची गाठच पडत नसेल, तर तेही बोलून घ्या. बीजाच्या दिवसांत दोघं एका घरात असणं ही पहिली अट आहे.

महिन्यातले नेमके दिवस कुठले?

पुढची पाळी यायच्या साधारण १४ दिवस आधी बीज सुटतं. बीज १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस मोलाचे. २८ दिवसांच्या चक्रात नववा ते चौदावा दिवस, ३२ दिवसांच्या चक्रात तेरावा ते अठरावा. मोजामोजीचा ताण होत असेल तर पाळी संपल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवा, तेवढं पुरतं.

किती महिने वाट बघायची?

पस्तिशीच्या आत एक वर्ष, पस्तिशीनंतर सहा महिने, चाळिशीनंतर अजिबात नाही, थेट डॉक्टर. निरोगी तरुण जोडप्यालाही एका महिन्यात यश येण्याची शक्यता पाचातली एक किंवा थोडी जास्त असते, तेव्हा दोन-तीन महिने गेले म्हणून कुणी कुणाला बोल लावू नये. वर्षभरात दहातली आठ जोडपी यशस्वी होतात. अंतरा घेतलेल्यांनी हे वर्ष शेवटच्या इंजेक्शनपासून मोजू नये, असर ओसरून पाळी सुरू झाल्यापासून मोजावं. पूर्वी क्षयरोग, फुटलेलं अपेंडिक्स किंवा ओटीपोटाचा जंतुसंसर्ग झाला असेल तर आधीच दाखवा. वर्ष पूर्ण झाल्यावर पहिली तपासणी दोघांची एकदम. वीर्यतपासणी स्वस्त आणि सोपी आहे, ती शेवटी ठेवण्यात काही अर्थ नाही.

सिझर झालंय. गर्भपात झालाय. साधन कधी सोडायचं?

बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्यात किमान २४ महिन्यांचं अंतर ठेवा. सिझरच्या टाक्यांवर १८ महिन्यांच्या आत ताण आला तर पुढच्या वेळी कळा देताना जखम उसवण्याचा धोका वाढतो. गर्भपातानंतर सहा महिने थांबण्याचा जुना सल्ला आहे. साध्या, लवकर झालेल्या गर्भपातानंतर अनेक डॉक्टर आता एक पाळी येऊन गेल्यावर प्रयत्नांना परवानगी देतात. रक्त खूप गेलं असेल तर आधी हिमोग्लोबिन भरून काढा.

झिकामुळे थांबावं लागतं का?

झिका हा डासांमुळे पसरणारा, पोटातल्या बाळाला इजा करू शकणारा विषाणू. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात एरंडवण्यापासून सुरुवात होऊन पुणे शहरात रुग्ण आढळले, त्यात गर्भवतीही होत्या. म्हणून पुणेकरांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. झिका झाल्याचं निदान झालं तर बाईने दोन महिने आणि पुरुषाने तीन महिने साधन सोडू नये, कारण विषाणू वीर्यात जास्त काळ राहतो. नुसता साधा ताप येऊन गेला म्हणून थांबायची गरज नाही. भागात साथ असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि घरातलं साठलेलं पाणी दर आठवड्याला ओतून टाका.

साधन चालू असतानाच दिवस राहिले तर?

गोळ्या असतील तर लगेच बंद करा. नकळत काही आठवडे घेतल्या गेल्या तरी बाळाला त्यापासून धोका नसतो. फॉलिक ॲसिड सुरू करा.

तांबी असेल तर त्याच दिवशी दाखवा. पहिली सोनोग्राफी गर्भ गर्भाशयात आहे की नळीत, हे बघण्यासाठी. गर्भ आत असेल, मूल ठेवायचं असेल आणि धागा दिसत असेल, तर तांबी लवकरात लवकर काढतात. आत राहू दिली तर गर्भपाताचा आणि जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली किंवा खांद्यात कळ गेली, तर सोनोग्राफीची वेळ मिळायची वाट बघू नका. १०८ ला फोन करून जवळचं मोठं रुग्णालय गाठा आणि तांबी आहे हे पोचल्याबरोबर सांगा.